मालकीणबाईंची परवानगी

मी एकदा एका नवरदेवाच्या मामाला माझ्या प्लॉटात फटाके फोडायची लेखी परवानगी दिली. तोंडी दिली असती तर निदान नंतर कानांवर हात ठेवता आले असते. पण मी कागद मागवला, चष्मा लावला आणि पूर्ण नावानं सही ठोकली. खाली लिहिलं, 'जागामालक'. एवढी मूर्ख बाई त्या वर्षी देवळी गावात दुसरी नसावी.

मालक म्हणजे काय, तर घरामागचा रिकामा प्लॉट माझ्या नावावर होता. आमचे हे सरकारी नोकरीत. त्यांच्या कचेरीतल्या झाडून सगळ्यांच्या बायका अशाच मालकिणी होत्या. कर हे भरायचे, गवत हे कापून घ्यायचे. माझ्याकडे फक्त रुबाब. पन्नाशी उलटलेली बाई, पण संध्याकाळी प्लॉटात फेरी मारायची ती अशी, की मागून दिवाणजी चालत असावा.

प्लॉटाला लागून मावशीचं घर. सख्खी नव्हे, शेजारची. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. तुळशीची लग्नं आटोपली होती आणि तिच्या ओसरीत वर्षाचा सगळा कापूस आढ्याला टेकला होता. भाव चढेल म्हणून थांबली होती. त्या दिवसांत घंटागाडीच्या भोंग्यावर रोज सकाळी सांगत, घरोघरी कापूस भरलेला आहे, वस्तीत फटाके फोडू नका, खाजगी जागेत कोणी फोडले तर जागामालकाला जबाबदार धरू. समोरच्या घरी लग्न होतं. मावशी मुद्दाम येऊन सांगून गेली, की वरातीला प्लॉटात शिरू देऊ नको, माझं सगळं ओसरीत पडलं आहे. मी बरं म्हटलं. खरं तर त्या भोंग्यातून मला एकच शब्द ऐकू आला होता, आणि रोज सकाळी गाडी माझाच मान राखायला फिरते अशी माझी समजूत झाली होती.

वरात आली. मामा फाटकाशी हात जोडून उभा. म्हणाला, "मालकीणबाई, तुमच्या हुकमाबिगर लवंगीची लड बी नाई लागत."

जन्मात माझा हुकूम कोणी मागितला नव्हता. भाजी कोणती करू, हेसुद्धा मी ह्यांना विचारायची. दिला हुकूम, आणि आपल्या हातानं कुलूप काढलं.

तिसरं रॉकेट आडवं झालं आणि सरळ मावशीच्या ओसरीत शिरलं. कापूस भडकत नाही लगेच. आतल्या आत धुमसतो. धूर दिसेपर्यंत बँड वाजतच होता. वऱ्हाड्यांनी जेवणावळीचे पाण्याचे ड्रम ओतले म्हणून घर वाचलं. अर्धा कापूस काळा झाला, उरलेला ओला.

दुसऱ्या दिवशी पंचनामा. मी सांगितलं, पेटवलं त्यांनी, मी फक्त बघत होते. आणि प्लॉट तसा ह्यांचाच, माझं आपलं नुसतं नाव. ह्यांनी त्याच क्षणी पेपर तोंडापुढे धरला. मामानं खिशातून माझा कागद काढला. नगरपालिकेच्या बाबूनं तो दोनदा वाचला आणि अक्षर छान आहे म्हणाला. आयुष्यात माझ्या नावानं पहिलं सरकारी पत्र आलं, ते त्या नोटिशीचं.

मी न बोलावता मावशीच्या अंगणात जाऊन बसले. ओला कापूस उन्हात पसरायचा, जळका बोटांनी वेगळा काढायचा. ती समोर बसून तेच करी. माझी नखं काळी झाली. चार दिवस एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी आनंदानं खाल्ल्या असत्या.

पाचव्या दिवशी शेवटचा ढीग निवडून झाला. तिनं पदरानं हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"प्लॉट राहू दे बाई तुयाच नावावर," ती म्हणाली. "फाटकाची किल्ली तेवढी माह्याजवळ देऊन ठेव."