सोऱ्याचं वर्गीकरण

पुरातत्त्वशास्त्र शिकणाऱ्या मुलाला दिवाळीच्या तोंडावर स्वयंपाकघरात शिरू देऊ नये. आमच्या आईने दिलं.

मी सुट्टीत सक्करदऱ्याला घरी आलो होतो आणि वस्तूंचं वर्गीकरण माझ्या अंगात ताजं ताजं संचारलं होतं. आधी वस्तू कशाची ते बघायचं, मग आकार, मग उपयोग! (उपयोग कळला नाही तर 'धार्मिक वस्तू' म्हणून मोकळं व्हायचं. हे पुस्तकात नसतं, पण खोदकामावर सगळे तेच करतात.) आई म्हणाली होती, "माळ्यावरचे भांडे पुसून ठेव." मी पुसलं काहीच नाही, पितळ एका खोक्यात, लाकूड दुसऱ्यात, लोखंड तिसऱ्यात लावलं आणि कौतुकाची वाट पाहत बसलो.

धनत्रयोदशीला आईने चकलीची भाजणी भिजवली. दुसऱ्या दिवशी माझी धाकटी बहीण मीना नवऱ्याला घेऊन पहिल्या दिवाळसणाला येणार होती, आणि जावयाच्या ताटात चकली नाही ही कल्पनाच आईला सोसणारी नव्हती. तेल तापलं.

"सोऱ्या कुठी हाय रे?"

"कोणत्या गटात?"

"चुलीत गेला तुहा गट! चकलीचा सोऱ्या!"

पितळी नळी पितळात सापडली. दट्ट्या लाटण्यांबरोबर लाकडात निघाला. चकती मात्र गायब! एका सोऱ्याचे मी शास्त्रशुद्ध तीन तुकडे केले होते.

बाबा म्हणाले, "इतवारीतून नवा आणतो."

"धनतेरसच्या गर्दीत? भाऊबीजेले वापस याल!"

"मंग हातानं वळ ना वं."

"काटे कसे येतीन? त्याले कडबोळे म्हणतेत! जावई काय म्हणन?" आईचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पितळेची, गोल, मधोमध चांदणीसारखं भोक?" मी चाचरत विचारलं.

"हो! पाह्यली का?"

पाहिली होती. जन्मभर चकल्या खाऊनही ओळखली नव्हती! मी गुपचूप देवघराकडे बोट केलं. बाळकृष्णाशेजारी, हळदकुंकू लावलेली, डोक्यावर झेंडूचं फूल घेतलेली आमची चकती विराजमान होती.

"अवं माय!" आई किंचाळली. (पूजेला ती चष्मा लावत नसे.) "मले वाटलं, तू खोदकामातून एखादं यंत्र आणलं! रोज पूजा करून राहिली मी त्याची!"

बाबा हसता हसता खाली बसले. मग आईलाही हसू फुटलं. डोळे पुसत, हसत ती चकल्या पाडत होती आणि मी तिच्या हाताखाली मुकाट्याने तळत होतो. तशी दिवाळी पुन्हा झाली नाही. आई गेल्यापासून चकल्या दुकानातून येतात, आणि त्या खाताना तिची फार आठवण येते.

त्या दिवाळसणाला जावयाने चकल्या मनसोक्त खाल्ल्या आणि विचारलं, "दादा, हे शिकून तुम्ही पुढे काय करणार?"

"वस्तू नीट लावणार," मी म्हणालो.

मीनाला जोराचा ठसका लागला. त्यानंतर रामदासपेठेत तिने तीन घरं बदलली. सामान लावायला सगळं खानदान जातं. मला मात्र सगळं लावून झाल्यावर, थेट जेवायलाच बोलावतात!