डोळ्यांदेखतची धार

आम्हा कोल्हापूरकरांना दुधाच्या बाबतीत सख्ख्या भावाचाही भरवसा नाही. मंगळवार पेठेजवळच्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळली, तरच आम्ही ग्लास तोंडाला लावतो. तिथं रोज संध्याकाळी एक वकीलबाई यायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. काळा कोट हातावर टाकून त्या उभ्या राहायच्या आणि ग्लास फेसानं भरेपर्यंत नजर हलवायच्या नाहीत.

तेव्हा एका खुनानं गाव पेटलं होतं. संशयिताला आमच्या ताब्यात द्या, म्हणून मोर्चा निघाला. त्याचं वकीलपत्र घ्यायला कुणी धजेना. बाईंनी घेतलं.

त्याच संध्याकाळी कट्ट्यावर एकजण त्यांच्या अंगावर आला.

"बाई, असल्याला वाचवताय? लाज वाटत न्हाय?"

बाईंनी आधी दूध संपवलं. ओठावरचा फेस पुसला.

"पावणं, घरनं काढून आणलेलं दूध का पीत न्हाईसा?"

"पाणी घातलं असंल तर?"

"व्हय की! ग्लासभर दुधाला धार डोळ्यांदेखत लागती तुम्हाला, आणि माणूस न बघताच फासावर द्यायचा? उद्या कोर्टात या. तिथंबी धार समोरच काढत्यात."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून कोर्टात गेलो. कट्ट्यावर बाईंशी भांडलेला तो गडी माझ्या आधीच येऊन बसला होता.