माझ्या नावाची मूठ

साल एकोणीसशे बहात्तर. मी पस्तीस वर्षांचा होतो. आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, पोरांना नाही, देवापुढं उभा राहूनसुद्धा नाही. तुम्हाला सांगतो आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर तोंड उघडलं नसतं. तेव्हा उगाच स्वतःला माझे जवळचे समजू नका.

माझी शाळा दुसरीपर्यंत. सही येते, तीही मोठ्या अक्षरांत. अमळनेरकडचं गाव सोडून सुरतला आलो, लिंबायतच्या बस्तीत राहिलो, लूमवर कापड विणलं. लूमच्या कारखान्याला आम्ही खातं म्हणतो. खात्यात मी साधा कारागीर. पण बस्तीत माझा शब्द चालायचा. का चालायचा? कारण पक्षाच्या तालुका समितीचा बस्तीतला माणूस मी होतो. सभेला ट्रक भरायचे, झेंडे बांधायचे, मतदानाच्या दिवशी बायकांना घराघरातून काढून रांगेत उभं करायचं — हे सगळं मी करायचो. त्याचा मला माज होता. होता म्हणजे होता. लपवत नाही.

ही समिती काय चीज असते ते आधी ऐका. पंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं तिकीट कुणाला, ते ती ठरवते असं म्हणतात. खोटं. ते आधीच कुणाच्या तरी घरी चहा पिताना ठरलेलं असतं. मग बैठक कशाला? नाही म्हणायला. ज्याला द्यायचं नाही त्याला समिती स्वतः कधी नाही म्हणत नाही. त्याच्याच गल्लीतला, त्याच्याच भाऊबंदांतल्या एखाद्याला बोलावते, गादीवर बसवते, आणि ते ‘नाही’ त्याच्या तोंडून काढून घेते. मग समिती हात झटकून मोकळी. मला हे तेव्हाही कळत होतं. मी अडाणी होतो, भोळा नव्हतो.

शालिक माझा चुलतभाऊ. माझ्याहून लहान. सातवी शिकलेला, गुजराती फाडफाड बोलणारा, आणि कुणाचंही काम अडलं की चप्पल घालून पुढं निघणारा. त्या वर्षी बस्तीनं पहिल्यांदा ठरवलं — तालुका पंचायतीला आपला खानदेशी माणूस उभा करायचा. आमच्याकडं नळ नव्हता. बाया खाडीपलीकडून पाणी आणायच्या. आपला माणूस आत गेला तर नळ येईल, एवढंच साधं गणित. नाव निघालं ते शालिकचं. माझं नाही. ज्या गल्लीत मी एवढे झेंडे बांधले तिथं एकालाही माझं नाव आठवलं नाही. म्हाताऱ्या शेवंताआत्यानं तर तोंडावर म्हटलं, “तू ट्रक भर रे बाबा, तुले त्येच जमस.” सगळे हसले. मीही हसलो.

पण तेवढ्यानं मी बिघडलो असं समजू नका. त्याच्या आधीचं एक आहे. ते सांगायचं टाळत होतो.

दोन वर्षं आधी खात्यांत संप झाला होता. सगळ्यांचे लूम बंद. आणि आमच्या खात्यात मागच्या दारानं कोणीतरी पहाटे आत जाऊन लूम चालवतो आहे, अशी बोंब उठली. कोण, ते कुणाला कळलं नाही. संप मोडला, लोकांनी नुकसान सोसलं, आणि त्या मागच्या दारावाल्याला बस्ती पुढं कित्येक महिने शिव्या देत राहिली. त्या शिव्या मीही मोठ्यानं द्यायचो.

तो मी होतो.

का गेलो ते सांगणार नाही. सांगितलं की ते कारण होतं, आणि कारण सांगणं म्हणजे माफी मागणंच की. मला नको. शालिकनं मला पाहिलं होतं — त्या दारातून बाहेर पडताना, डोक्यावर धाग्याचा पांढरा कीस तसाच. त्यानं पाहिलं, हातानं माझ्या केसांतला तो कीस झटकला, आणि चालू लागला. कधी बोलला नाही. ना मला, ना कुणाला.

तुम्ही म्हणाल, केवढा चांगला माणूस. म्हणा. पण ज्याला आपलं नागडं माहीत आहे आणि जो बोलत नाही, त्याच्याशेजारी रोज राहून बघा. त्यानं चारचौघांत माझं नाव घेतलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो, मारामारी केली असती, मोकळा झालो असतो. त्याच्या गप्प बसण्याचं काय करायचं? त्यानं ‘दादा’ म्हटलेलं मला सोसायचं नाही. मी त्याचा तिरस्कार करायचो. हा शब्द विचार करून वापरतो आहे.

समितीनं मला बोलावलं ते श्रावणातल्या एका रविवारी दुपारी. तो आमचा कानबाईचा दिवस. खानदेशी माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. नारळाची देवी नटवून चौरंगावर बसवतात, सोमवारी सकाळी वाजतगाजत पाण्याला नेतात. तिचा प्रसाद म्हणजे रोट. त्याचे गहू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ मोजून घेतात, आणि तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. परका कितीही मोठा असो, त्याला कण देत नाहीत. आमच्या भाऊबंदकीची कानबाई शालिकच्या घरी बसायची. तिथून उठून मी समितीत गेलो, कपाळावरचा कुंकवाचा टिळा तसाच.

तालुकाप्रमुख वकील होता. पांढरी गादी, वर पंखा. त्यानं मला शेजारी बसवलं — शेजारी! — आणि गोड आवाजात विचारलं, “बोलो भाई, आ शालिक केवो माणस छे? तमारा लोको एने मत आपशे?”

मी म्हणालो, नाही देणार.

“केम?”

का, तेही मी सांगितलं. संपात मागच्या दारानं जाणारा तोच होता, असं सांगितलं. बस्तीत अजून उघड झालेलं नाही, पण ज्या दिवशी होईल त्या दिवशी पक्षाचं नाक कापलं जाईल, हेही वर जोडलं. गुजराती मला नीट येत नव्हतं. त्या दिवशी एकदाही अडलो नाही.

प्रमुखानं माझ्या टिळ्याकडं पाहिलं. “आजे तो तमारी माताजीनो दिवस छे ने? एना सोगन?”

मी कानबाईची शपथ घेतली. गळ्याला हात लावून घेतली.

तो हसला. बाकीचेही हसले. त्यांना खरं-खोटं हवंच नव्हतं. माझं तोंड हवं होतं, ते मी दिलं. मला वाटलं होतं शालिक गळला की माझं नाव येईल. तिकीट गेलं प्रमुखाच्या भाच्याला, आणि गल्लीत निरोप आला की तुमच्याच माणसानं तुमच्या माणसाचं असं असं सांगितलं. मग काय? शालिकला बस्तीनं ‘मागलं दार’ नाव ठेवलं. पानाच्या टपरीवर, नळाच्या — नव्हे, नळ आलाच नाही. आला तो भाच्याच्या चाळीपुढं — तर खाडीच्या वाटेवर, सगळीकडं. त्याच्या पोराला शाळेतही तेच. एका वाक्यानं तो सुटला असता. ते वाक्य म्हणजे माझं नाव. समितीत बस्तीतून एकटा मीच गेलो होतो, त्याला कळलं नसेल? त्यानं ते वाक्य काढलं नाही. बिऱ्हाड उचललं, कडोदऱ्याला गेला, तिथल्या खात्यात लागला, तिथंच वारला. मी खांदा दिला. मोठा भाऊ ना.

मला समितीत सभासद करून घेतलं. बसायला जागा दाराशी, चपलांजवळ. मी कित्येक वर्षं तिथं बसलो. भाच्यासाठी ट्रक भरले. आणि समितीला मी आजही शिव्या देतो, पण तिनं माझ्या गळ्यावर माझा हात ठेवला नव्हता. तो मी ठेवला.

आता एकच राहिलं. दुसऱ्या दिवशीची सकाळ.

सोमवार. निरोप गल्लीत पोचायचा होता अजून. कुणाला काही माहीत नव्हतं. कानबाईला खाडीवर पोचवून आम्ही शालिकच्या घरी परतलो. पंगत बसत होती. मला वाटलं, काहीतरी निमित्त काढून निघून जावं. रोट भाऊबंदांचा, मी आता कोण? शालिकनं स्वतः पाट मांडला. “दादा, ये, बठ. काल काय व्हयनं?”

“देखू म्हणनात,” मी म्हणालो.

त्याची बायको मथुरा ताट घेऊन आली. रोट, गंगाफळाची भाजी, खीर. मी हात पुढं केला नाही, तशी ती हसून म्हणाली, “दादा, खा ना. तुमच्या नावनी मूठ यामाच शे. म्याच मोजी.”

मी खाल्ला. रोटाचा कण ताटात ठेवायचा नसतो, तो ठेवला नाही. आणि ती पुढं गेली तेव्हा तिला परत बोलावून आणखी एक मागून घेतला.