आईच्या पेटीचं झाड

लिआओ शिगुईची उमेदीची वर्षं एका पाइनच्या झाडाखाली बसण्यात गेली. त्यात शौर्यबिर्य काही नाही. बसून बसून त्याची कंबर गेली, एवढंच.

घरामागचं ते झाड त्याच्या आईने, तान म्हातारीने, स्वतःच्या शवपेटीसाठी राखलं होतं. यांग परगण्याच्या डोंगरात साठी उलटली की माणूस आपली पेटी करून घेतो, काळा रंग देऊन माळ्यावर ठेवतो आणि मग निवांत म्हातारा होतो. पेटीवाचून मरण म्हणजे उघड्यावर पडणं. पण झाड तोडायचं ठरलं आणि नेमकं त्याच वर्षी लाल करकोच्यांच्या जोडीने त्यावर घरटं बांधलं. तांबडं तोंड, खाली वाकलेली चोच, पंख उघडले की आत फिका गुलाबी रंग. वनखात्याचे पेंगबाबू धापा टाकत चढून आले.

"जगात हे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत," ते म्हणाले. "झाडाला हात लावायचा नाही. शिगुई, राखण तुझी."

"आणि मी मेले तर?" म्हातारीने विचारलं.

पेंगबाबूंनी घाईघाईने चहा संपवला आणि ते डोंगर उतरायला लागले.

मग दर वसंतात तेच. साप चढू नये म्हणून शिगुई बुंध्याला दाढीची पाती बांधायचा, पिल्लू पडलंच तर झेलायला खाली जाळं ताणायचा आणि मान वर करून बसायचा. पक्षी भातखाचरात चरतात म्हणून तिथे औषध मारायला बंदी, मग झाडाखालून उठून बायकोबरोबर किडी वेचायच्या. जीव मेटाकुटीला यायचा. पिल्लं उडून जात, पण जोडी पुन्हा तिथेच येते म्हणून तोडायची परवानगी काही मिळत नसे.

शेजारची याओ म्हातारी मुद्दाम मोठ्याने विचारायची, "काय गं तान, तुझी पेटी अजून अंडीच उबवतेय का?"

"उबवू दे! तुझी तर उंदरांनी पोखरली!"

असं ठणकावून तान म्हातारी आत यायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. शिगुईने पेज पुढ्यात ठेवली की म्हणायची, "यंदा पिल्लं उडू दे. मग तोडू."

सहाव्या वर्षी, मे महिन्यात, तिने अंथरूण धरलं. "शिगुई, झाड," एवढंच म्हणाली. घरट्यात तीन पिल्लं होती. शिगुईने कुऱ्हाड उचलली. चुलीत गेलं ते वनखातं! तो झाडापाशी पोचतो न पोचतो तोच एक पिल्लू धपकन जाळ्यात पडलं. काय करावं ते न सुचून तो ते घेऊन आईकडेच गेला.

तिने त्याला चाचपलं. "नुसती हाडं रे. माझ्यासारखंच. ठेव जा वर. दाराच्या फळ्या आहेत ना, पुरतील मला."

पेंगबाबूंनी येऊन ओळखीसाठी पिल्लाच्या पायात निळं कडं घातलं आणि शिगुईने ते वर ठेवलं. तिसऱ्या दिवशी आई गेली. दाराच्या फळ्यांच्या पेटीला द्यायला याओ म्हातारीने आपल्या पेटीचा उरलेला रंग आणला आणि हुंदके देत स्वतःच फासला.

घराला दाराऐवजी चटई लागली. पुढच्या वर्षी ती जोडी आलीच नाही, तिने खालच्या गावातलं झाड धरलं; तरी बंदी काही उठली नाही. करकोच्यांची संख्या वाढत गेली. तीन वर्षांनी पेंगबाबू खुशीत म्हणाले, "आता तोड झाड! दार करून घे!"

हेच शब्द वेळेवर ऐकायला मिळाले असते तर! शिगुईला रडूच आलं.

फेब्रुवारीत तो कुऱ्हाड घेऊन गेला. वर फांदीवर एक करकोचा चोचीत काटकी धरून बसला होता. पायात निळं कडं.

"मेल्या, तुला दुसरं झाड नाही मिळालं?" शिगुई ओरडला. मग कुऱ्हाड खांद्यावर टाकून माघारी वळला.

घरी येऊन तो फळीवर पात्यांचा डबा शोधू लागला. बायकोने विचारलं, "अहो, आणि दार?"

"यंदा पिल्लं उडू दे," शिगुई म्हणाला. "मग तोडू."