कडुबाभाऊंच्या शेडमधला विषाणू

आमच्या लॅबमध्ये एक निष्कर्ष निघायला वर्ष जातं, तोवर दहा किस्से साठतात. छापून मात्र निष्कर्षच येतो!

राजूरजवळ कडुबाभाऊंच्या शेडमध्ये रेशमाच्या अळ्या पाला सोडून लुळ्या पडायला लागल्या. मग शेजारच्या शेडांमध्येही. आम्ही तिथली एक अळी तपासली, तर तिच्यातला विषाणू कुठल्याच यादीत नव्हता, म्हणून आमच्या प्रमुख वैशाली मॅडमनी पेढे वाटले. गावाने ठरवून टाकलं की रोग कडुबाभाऊंनी आणला. लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. "मी आणला न्हाई, असा कागद द्या मॅडम," एवढंच ते म्हणाले.

*

विषाणूचा जीनोम वाचायचा तर आणखी नमुने हवेत. मॅडमनी फोनवर वीस अळ्या मागवल्या. भाऊंनी बर्फात घालून पाठवल्या. आम्ही महिनाभर राबलो, विषाणूचा पत्ता नाही. विचारलं तर म्हणाले, "एवढ्या मोठ्या लोकांकडं सडका माल कसा पाठवू? बराबर निवडून चांगल्या धाडल्या."

*

पुढे आजारी अळ्या मागवल्या, त्यांत विषाणू सापडला, जीनोम पूर्ण झाला आणि नावाचा प्रश्न आला. गावाचं नाव द्यायची पद्धत आहे, असं मी सरपंचांना सांगितलं. त्यांनी बराच विचार केला.

"शेजारच्या टेंभुर्णीचं द्या ना. मोठं गाव आहे ते."

*

कडुबाभाऊंना जीनोम बघायचा होता. मी प्रिंट काढून दिली. चार पानं, नुसती इंग्रजी अक्षरं. त्यांनी सगळी उलटून पाहिली.

"सर, यात माझं नाव कुठंय?"

"कुठंच नाही."

"मंग हाच कागद पाहिजे होता." तो लॅमिनेट करून त्यांनी शेडच्या दाराला लावला. गावावर काही परिणाम झाला नाही.

*

मग मी आमचा फ्रीझर आवरायला घेतला. प्रशिक्षणात आम्हीच भाऊंना लहान अळ्या दिल्या होत्या. त्याच ट्रेमधल्या चार अळ्या तळाशी निघाल्या. तपासल्या, तर तोच विषाणू, अक्षर न् अक्षर!

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः गावात गेल्या, शेजारी गोळा केले आणि रोग आमच्याकडून आला, असं सगळ्यांसमोर सांगितलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला. शेजाऱ्यांनी माना खाली घातल्या. भाऊंनी डोळे पुसले, मॅडमना हात जोडले.

मॅडम सवयीने शेडकडे निघाल्या. भाऊ पटकन दारात आडवे आले.

"चहा बाहेरच घेऊ मॅडम. आत कालच नवी बॅच टाकली."