मागलं एक उपाशी हाय

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मिरजेत एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रिपोर्टमध्ये आलं तर आहे, नाही आलं तर नाही, असा माझा रोखठोक कारभार. सोसायटीतल्या बायका जिन्यात पैंजण वाजतात म्हणायच्या, तेव्हा सगळ्यात आधी मीच त्यांची टर उडवायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण लिहितेच.

आमचे हे सैन्यात. अंदमानला पोस्टिंग होतं तेव्हा समुद्राचं वेड लागलं आणि सुट्टीवर येऊन हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक उभा केला. आत खडक, आणि खडकावर जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ. दिसतात दगड, पण असतात प्राणी. हे परत ड्युटीवर गेले आणि ही सवत माझ्या गळ्यात पडली! तिचं खाणंही साधं नाही. कोरल फूडची पावडर टँकच्याच पाण्यात कालवायची, त्यात अमिनो ॲसिडचे थेंब घालायचे, पाणी फिरवणारा पंप बंद करायचा आणि लांब नळीच्या सिरिंजने एकेकाच्या तोंडाशी अलगद सोडायची. वास लागला की ते बारीक बारीक बोटं बाहेर काढून घास धरतात. एवढे लाड मी माझ्या पोरांचे केले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सासरे आमच्याकडे आले. आबांचं सगळं आयुष्य म्हसवडकडच्या माळावर मेंढरांमागं गेलेलं. आले ते टँकसमोर स्टूल ओढून बसले.

"ही जित्राबं हाईत व्हय?"

"व्हय आबा, जित्राबंच."

"मग हाक मारल्याबिगर कशी खात्याल गं?"

आणि जीभ टाळूला लावून त्यांनी तो आवाज काढला — थरथरता, शेवटाला वर जाणारा, कळपाला बोलवायचा. मी पोट धरून हसले. कोरलला कान नसतात हो! पण मी सिरिंज आत घातली, तर पावडर पडायच्या आतच बोटं बाहेर आली. सिरिंजला आधीचा वास असणार, असं म्हणून मी विषय सोडून दिला.

ऑपरेशन झकास झालं. पण शुद्धीवर आल्यावर आबांनी अन्न घेतलं नाही. पेज नाही, दूध नाही, काहीच नाही. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायचे आणि एकच म्हणायचे, "मागलं एक उपाशी हाय."

"मेंढरं आठवत असतील," डॉक्टर म्हणाले. पण कळप विकून कितीतरी वर्षं झाली होती. आमची नणंद, अक्का, उशाशी बसून डोळे पुसत होती. "वहिनी, धनगर हाय तो. एक जरी जित्राब उपाशी ऱ्हायलं तर घास घेत न्हाई. आमच्या लग्नात बी असाच बसला हुता." ऐंशीचं शरीर, आधीच काडी झालेलं, त्यात हा हट्ट. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर अवघड आहे. मला भयंकर भीती वाटली. ह्यांना रजा मिळत नव्हती, आणि फोनवर काय सांगायचं तेही कळत नव्हतं.

दुपारी अक्काला बसवून मी अंघोळीला घरी आले. टँकमधले सगळे कोरल मिटलेले. म्हटलं, यांना तरी घालावं. पावडर कालवली, पंप बंद केला. पंप थांबला की हॉल एकदम गप्प होतो. सिरिंज अजून हातातच होती...

आणि तो आवाज आला. थरथरता, शेवटाला वर जाणारा. इतका जवळून की माझ्या हातातला वाडगा हिंदकळला.

कोरल उघडले. एकजात सगळे. पाणी थांबलेलं होतं, तरी त्यांची बोटं मागच्या कोपऱ्याकडे कलली होती. पळून जावंसं वाटत होतं. शेवटी मोबाईलचा टॉर्च लावून काचेच्या बाजूने, खडकाच्या मागे पाहिलं. तिथे, समोरून कधीच दिसणार नाही अशा जागी, एक लहानसा कोरल होता. आक्रसलेला, पांढरा पडत चाललेला. नळी आत घातली आणि घास सोडला. त्याने तो हळूहळू धरला.

तेवढ्यात फोन वाजला. अक्का रडत होती. "वहिनी, आबानं पेज मागितली गं! आपल्या तोंडानं मागितली!"

आबा आता घरी आहेत, काठी टेकत चालतात. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, खडकामागे मी काही लावलेलंच नाही. असेल, एखादा तुकडा वाढला असेल. आबांना दुखण्यात भास झाला असेल. मी स्वतःला हेच सांगत होते. मग परवा धीर करून आबांना म्हटलं, "तुमी दवाखान्यातनं हाक मारलीत, ती मला इथं ऐकू आली."

आबांनी काठी बाजूला ठेवली.

"मी कुठली हाक मारतोय, पोरी? मी निजलो व्हतो. ती हाक त्या मागल्याची व्हती. मला बी तीच आली."

खाणं मी आजही घालते, पण पंप बंद करायचा असला की घरात कुणीतरी लागतं मला.