मुसाफिरखान्यातली कोपऱ्याची खोली

लेकाच्या लग्नात आमच्या वऱ्हाडाचा जानोसा औंढ्याच्या अलीकडे, रस्त्यालगतच्या एका जुन्या हॉटेलात होता. निजामाच्या काळात तो मुसाफिरखाना होता. आता दगडी भिंतींना गुलाबी रंग फासून वर 'ए.सी.' लिहिलंय. ऐन लग्नसराईत दुसरं काही मिळेना, म्हणून नवरीच्या बापाने हेच घेतलं. मिळालं, कारण तिथे भूत आहे हे सेनगावपर्यंत सगळ्यांना ठाऊक. कुण्या अंमलदाराची बायको. नवरा मेल्यावर तिला न्यायला सासरचं कोणी आलं नाही, वाट बघत तिथेच मेली. वरच्या कोपऱ्याच्या खोलीत रात्री पाणी मागते म्हणे. मेल्यावरही बाईने नुसतं पाणीच मागावं, आणि लोकांनी तेवढ्यालाही भ्यावं.

जीपमधून उतरल्या उतरल्या खोल्यांची वाटणी सुरू झाली. वाटणी थोरल्या जावेच्या हातात. आमच्या घरात सगळंच तिच्या हातात असतं. शेवटी कोपऱ्याची खोली उरली आणि मी उरले. मॅनेजर म्हणाला, "उधर कोई सोता नहीं." जाऊ माझ्याकडे बघून हसली. "हिला द्या. तुला काहून भ्याचं गं? तुझं जे व्हायचं ते होऊन गेलं." सगळं वऱ्हाड हसलं. लेक चौथीत होता तेव्हा माझा नवरा गेला. तेव्हापासून असली थट्टा मी ऐकते, आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते.

मी किल्ली घेतली, कारण मला सकाळ हवी होती. लेकाने शब्द दिला होता, "पहिली हळद तुझ्या हातची, आई. कोणाला काय म्हनायचं ते म्हनू दे." आमच्याकडे नवरदेवाला हळद सवाशिणी लावतात, विधवेने, मग ती आई का असेना, लांब बसायचं. गावाने ग्रामसभेत ठराव केला होता की विधवांना यापुढे असं वागवायचं नाही. त्या ठरावाला पहिला हात माझ्या थोरल्या दिरांनी वर केला, फोटोही काढून घेतला. हळद आमच्याच वावरातली. मी उभी राहून शिजवलेली, वाळवलेली, दळून आणलेली. ती लेकाच्या गालाला लावायला मिळणार असेल तर त्या रात्री मी स्मशानातसुद्धा झोपले असते.

भूत आलं नाही. डास आले. नळाला पाण्याचा थेंब नव्हता, तेव्हा ती बाई पाणी का मागते ते कळलं. लग्नघराच्या धावपळीत डोळ्याला डोळा लागला नव्हता, तिथे मात्र मी मेल्यासारखी झोपले.

सकाळी चहाला खाली आले तर बायका माझ्या तोंडाकडे टक लावून बसलेल्या. एकीने विचारलं, "आली व्हती का?"

"आली ना," मी म्हटलं. "पानी मागून राहिली व्हती. पाजलं, पाय दाबून घेतले आन् दिली धाडून."

मला वाटलं, हसतील. माझ्यावर पोट धरून हसणाऱ्या बायकांपैकी माझ्या थट्टेला मात्र एकही हसली नाही. जावेने कप खाली ठेवला.

अंगणात पाट मांडला, लेक पाटावर बसला. मी हळदीच्या ताटात हात घालणार, तोच जावेने ताट उचललं. "थांब! हिला बाहेरचं लागलं रातच्याला. सोताच्या तोंडानं सांगितलं हिनं. लेकराला हात लावू नको."

"थट्टा केली मी," म्हटलं. "आणि त्या खोलीत तुम्हीच निजवलं ना मला?"

"मंग? निजलीस का न्हाई?"

मी दिरांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "हे पहा, विधवा म्हनून आमी काईच म्हनत न्हाई. आमाला ते पटतच न्हाई. पन ही गोष्ट येगळी हाय. पोराच्या जिवाचा सवाल हाय." बोलताना त्यांचा चेहरा चांगला खुलला होता. ठरावही शाबूत राहिला, रीतही शाबूत राहिली. भुताने त्यांची मोठीच सोय केली.

मग मी लेकाकडे पाहिलं. इंजिनिअर झालेला, पुण्यात नोकरी करणारा, गावात कुणाच्या अंगात आलं की तोंड फिरवून हसणारा माझा लेक. नवरीकडचे लोक दारात मोबाइल वर धरून उभे होते. तो त्यांच्याकडे बघत होता. मग कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, "आई, तमाशा नको. वरची किल्ली तुझ्याजवळच हाय ना?"

"हाय," मी म्हटलं आणि जिना चढले. मागे वाजंत्री सुरू झाली. पहिली हळद जावेने लावली.

लोक मला सांगतात, लेकरूच आहे, घाबरलं असेल, जाऊ दे. तो घाबरला नव्हता. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नाही.